तळघराला रंग लावला, पण आधी पाणी वळवलं

आमचं घर पुण्यात सहकारनगरला, तळजाई टेकडीच्या उताराच्या अंगाला. १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आजोबा नारायण पेठेत दोन खोल्यांत राहायचे, त्या पुरात होतं नव्हतं ते सगळं गेलं आणि तेव्हाच त्यांनी ठरवलं की आता घर बांधायचं ते उंचावर. बांधून व्हायला १९७२ साल उजाडलं, ते दुष्काळाचं वर्ष. प्लॉट उताराचा असल्यामुळे खालच्या बाजूला एक खोली आपोआप निघाली, पोर्चमधून सहा पायऱ्या उतरून जायचं, १४ बाय ११ ची, उंची ८ फूट. मागची भिंत पूर्ण मातीत, बाजूच्या दोन अर्ध्या मातीत, आणि रस्त्याकडच्या भिंतीला दार आणि वर दोन झरोके. आम्ही सगळे तिला तळघरच म्हणतो. भिंती काळ्या दगडाच्या, वरून गिलावा.

लहानपणी त्या खोलीत गव्हाची कोठी, बाबांची लोखंडी ट्रंक आणि गणपतीची मखरं असायची. आता पोरगा तबला शिकतो, रोज दीड तास रियाज, आणि शेजारच्या आजींना हार्ट प्रॉब्लेम आहे, दुपारी झोप लागत नाही, त्या कधी काही बोलल्या नाहीत पण आपल्यालाच कळतं ना. म्हणून तळघर त्याला द्यायचं ठरलं. पण तबला आणि ओल यांचं अजिबात जमत नाही. हवेत दमटपणा असला की पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते, सूर उतरतो, पोरगा हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत बसतो आणि दहा मिनिटांत परत तेच. त्यामुळे आम्हाला भिंती नुसत्या दिसायला चांगल्या नको होत्या, खोली खरोखर कोरडी हवी होती.

पहिल्यांदा रंगकाम काढलं ते २०२३ च्या दिवाळीआधी. एक पेंटर बोलावला, नाव लिहीत नाही, त्याने भिंत वरवर घासली, दोन हात पुट्टी, ऑइल प्रायमर, आणि वर भारीतला प्लास्टिक पेंट, मोतिया रंग. महागाचा रंग टिकतोच असं मलाही वाटलं होतं. दिवाळीत इतकं सुंदर दिसत होतं की आम्ही पाडव्याला फराळ खालीच केला. मार्चपर्यंत सगळं व्यवस्थित. मग २०२४ चा पाऊस आला. जुलैच्या २५ तारखेला सिंहगड रोडला एकतानगरीत नदीचं पाणी घरांत शिरलं तो पाऊस आठवत असेल, आमच्याकडे नदी लांब आहे, पण त्याच आठवड्यात मागच्या भिंतीवर खालून दोन-अडीच फुटांपर्यंत फुगे आले. पापडावर येतात तसे. एक फुगा बोटाने दाबला तर आतून पाणी ओघळलं, त्याच्यामागे पुट्टी लोण्यासारखी मऊ झालेली. ऑगस्टअखेर पोपडे जमिनीवर पडायला लागले आणि उघड्या पडलेल्या जागी पांढरी बुरशीसारखी लव. ती बुरशी नव्हती, लोणा होता, म्हणजे भिंतीतला खार पाण्याबरोबर वर येतो, पाणी उडून जातं आणि खार तिथेच राहतो. हा खार रंगाच्या पापुद्र्यामागे साठला की रंगाला आतून ढकलतो, त्याला इतका जोर असतो की गिलाव्याचीही माती होते.

पेंटरला फोन केला तर म्हणाला वरून डॅम्पप्रूफ मारून देतो, अजून एक थर. मला तेव्हा रागही आला आणि रडूही. बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, आतून थर देऊन पाणी थांबतं का? मातीकडून येतंय ते."

त्यानंतर एका मैत्रिणीच्या ओळखीने जुने रंगारी काका मिळाले, भोरकडचे, पेठेतल्या वाड्यांना चुना लावण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. सत्तरीच्या आसपासचे असतील. आले, पायऱ्या उतरले, आणि रंगाबद्दल एक अक्षर न बोलता पहिल्यांदा भिंतीला कान लावल्यासारखं जवळ जाऊन वास घेतला. मग गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक करत अख्खी खोली फिरले, जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण. म्हणाले, "ताई, रंगाचं नंतर बघू. पाणी कुठनं येतंय ते आधी सांगा." मला सांगता येईना. मी म्हटलं काका, ओल येते सगळीकडून. ते म्हणाले सगळीकडून कधीच येत नसती.

मग त्यांनी एक सोपी गोष्ट करायला सांगितली, ती मी सगळ्यांना सांगत असते. जाड प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्यायचा, भिंतीवर पुसून कोरड्या केलेल्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा, हवा आत जायला नको, आणि दोन दिवस हात लावायचा नाही. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे जमले तर ते हवेतलं पाणी आहे, गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात तसं. आम्ही चार भिंतींवर मिळून सहा तुकडे लावले. मागच्या भिंतीवरचे दोन्ही आतून ओले, त्यातला डावीकडचा तर अक्षरशः पाणी धरून. डाव्या बाजूच्या भिंतीवर थोडे थेंब, तेही मागच्या कोपऱ्याजवळच. उजवी आणि रस्त्याकडची भिंत आतून एकदम कोरडी, पण उजव्या भिंतीवरच्या प्लास्टिकवर बाहेरून दव. म्हणजे आमच्याकडे दोन वेगवेगळे आजार होते आणि दोन्हीला आम्ही एकच औषध देत होतो, महागडा रंग.

डावा मागचा कोपराच का? ते कळायला मला छत्री घेऊन पावसात अर्धा तास घराच्या मागे उभं राहावं लागलं. गच्चीचा पावसाळी पाइप बरोबर त्या कोपऱ्यावर उतरतो आणि जमिनीपासून फूटभर वर संपतो, पाणी सरळ खालच्या वाफ्यात. वाफ्यात आईने लावलेला अळू, जास्वंद, आणि मागच्या बाजूला कर्दळ. आई जाऊन सहा वर्षं झाली, तो वाफा आम्ही कोणी कधी हलवला नाही, उलट रोज संध्याकाळी पाणी घालतो. गच्ची साधारण ६०० चौरस फूट, म्हणजे ५५ चौरस मीटरच्या वर. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर नुसत्या गच्चीवरूनच पावणेतीन हजार लिटर पाणी त्या एका कोपऱ्यात ओतलं जातं. हा हिशोब मी वहीत दोनदा करून बघितला. मिलिमीटरभर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, इतकं साधं आहे ते, शाळेत शिकवतेही मी, पण आपल्या भिंतीमागे हे चाललंय असं कधी डोक्यात आलं नाही.

आणि इथली जमीन अशी की वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. मुरमातून पाणी झिरपतं, कातळाला लागलं की खाली जायला वाट नसते, मग ते उताराने आडवं सरकतं आणि वाटेत आमची भिंत. दगड स्वतः फार पाणी पीत नाही, पण दोन दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, पन्नास वर्षांत पोकळ झालेल्या, पाणी तिथूनच येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर भागात इतकी माणसं गेली, त्या रात्री आमच्या तळघरातही वीतभर पाणी होतं. आम्ही तेव्हा समजलो की दारातून आलं. आता वाटतं बरंचसं मागच्या भिंतीतून आलं असणार, कारण उंबऱ्यावर गाळाची खूण नव्हती.

तर रंगाचं काम सुरू झालं ते घराच्या बाहेर, २०२५ च्या फेब्रुवारीत. वाफा हलवायचा हे बाबांना सांगताना मला फार जड गेलं. ते काही बोलले नाहीत, सकाळी उठून स्वतःच अळूचे कांदे काढून बादलीत ठेवलेले दिसले. जास्वंद समोरच्या कंपाउंडला लावली, जगली. कर्दळही पुढे आणली. मग भिंतीलगत अडीच फूट खोल चर खणला, दगड उघडे केले, मिस्त्रीने दर्जा उकरून सिमेंटने भरल्या, बाहेरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात, आणि चरात माती न भरता खाली खडी वर मुरूम. खालपर्यंत खणायला हवं होतं खरं तर, पायापर्यंत, पण शेजारच्यांची भिंत इतकी जवळ आहे की मिस्त्री म्हणाला ताई रिस्क नको, आणि मला ते पटलं. वरून शहाबादी फरशी, भिंतीपासून लांब उतार देऊन, दर फुटाला पाव इंच. पावसाळी पाइपला चार इंची पीव्हीसी पाइप जोडून तो पुढच्या अंगणातल्या शोषखड्ड्यात नेला, खड्डा घरापासून पंधरा फुटांवर. एवढ्याला आठ दिवस लागले आणि अजून आत ब्रशसुद्धा उघडला नव्हता.

महाशिवरात्र झाल्यावर आतलं काम. आधी सगळा जुना रंग आणि पुट्टी खरवडून काढली. हे काम मी, नवरा आणि पोरगा, तिघांनी रविवारी मिळून केलं, पत्रीने खरवडायचं आणि वरून तारेचा ब्रश. लोणा असलेल्या जागी काकांनी बजावून सांगितलं होतं की पाण्याने धुवायचं नाही. धुतलं की खार विरघळतो आणि परत भिंतीत शिरतो, आठ दिवसांनी परत वर. कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली वर्तमानपत्र अंथरून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. पहिल्या रविवारी दोन घमेली खार आणि पोपडे निघाले. तोंडाला चांगला मास्क, डोळ्याला गॉगल, हे अगदी हवंच, साधा रुमाल बांधून चालत नाही.

दाराचं वेगळं सांगते. तळघराचं दार सागवानी, १९७२ चं, त्यावर ऑइलपेंटचे किती थर असतील देवाला ठाऊक. भारतात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर असू नये हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. जुना ऑइलपेंट कोरडाच घासला की शिशाची धूळ हवेत उडते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती फार वाईट. म्हणून दार बिजागऱ्यांतून काढून अंगणात नेलं, पाण्याचा पॉलिश पेपर घेऊन ओलंच घासलं, पोराला त्या दिवशी आत्याकडे पाठवलं, आणि तो सगळा चिखल फडक्यात गोळा करून पिशवीत बांधून टाकला. घरात लहान मूल असेल तर एवढी काळजी घ्याच, प्लीज.

मागच्या भिंतीचा गिलावा खालून साडेचार फुटांपर्यंत पूर्ण तोडला. ओल दिसते तिथपर्यंतच तोडून भागत नाही, तिच्या वर अजून फूटभर तरी जावं लागतं कारण खार पुढे सरकलेला असतो. गिलावा पडल्यावर आतले दगड बघितले, घडवलेले नाहीत, डबरच, पण काय मेहनतीने बसवलेत. बाबा स्टूल घेऊन तिथे बसून राहिले. त्यांना त्या भिंतीतला एक दगड ओळखता आला, बांधकामाच्या वेळी त्यावर आजोबांनी हळदकुंकू वाहिलं होतं म्हणे. आम्ही तो मोबाइलवर फोटो काढून ठेवला आणि मग मिस्त्रीला म्हटलं करा सुरू.

दर्जा भरल्या, मग पहिला खडबडीत हात, एकास चार सिमेंट-वाळू, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर. त्यावर सिमेंटमधलाच वॉटरप्रूफिंगचा लेप, भिंत ओली करून दोन वेळा ब्रशने. ह्यातल्या काही लेपांमध्ये असा माल असतो की ओलावा मिळाला की सिमेंटच्या बारीक छिद्रांत स्फटिक वाढतात आणि छिद्रं बुजतात, म्हणून तो लावल्यावर तीन दिवस भिंत ओलीच ठेवायची. आतल्या बाजूने पाणी अडवायचं असेल तर हाच प्रकार उपयोगाचा, कारण रबरासारखा पापुद्रा धरणारं काहीही आतून लावलं तर मागचं पाणी त्याला सोलून काढतं. मग वरचा साधा गिलावा, पावडर न घालता, स्पंज मारून. पुट्टी आणि पीओपी काहीही नाही. धुळवडीच्या आदल्या दिवशी गिलावा संपला. आठ दिवस गोणपाट लावून पाणी मारलं आणि नंतर नुसतं थांबलो. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्यायचे हे सगळे सांगतात, आम्ही दीड महिना दिला, कारण एप्रिलच्या उन्हाळ्यात भिंतीत उरलेलं पाणी बाहेर यायला हवं होतं. आलंच. गुढीपाडव्याच्या सुमारास नव्या गिलाव्यावर परत पांढरी लव आली, माझं धाबं दणाणलं, फोन केला तर काका म्हणाले येऊ द्या, झाडत राहा, जेवढा बाहेर येईल तेवढा चांगला. दर दोन-तीन दिवसांनी झाडायचे. महिन्याभरात थांबला.

आता रंग. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मातीकडच्या भिंतींना चुनाच. मला मनातून नको होता, चुना म्हटलं की डोळ्यासमोर जिना आणि संडास यायचा, आणि हाताला लागतो. मी बोहरी आळीत जाऊन दोन-तीन दुकानांत बेसमेंटसाठी काय आहे विचारून आले, डबे बघितले, मागे लिहिलेलं वाचलं. जवळजवळ सगळे पापुद्रा धरणारे. शेवटी काकांचं म्हणणं पटलं ते असं, की कितीही केलं तरी थोडा ओलावा येत राहणार, भिंत मातीत आहे, तर त्याला वाफ होऊन बाहेर पडायला वाट पाहिजे. चुना वाट देतो, प्लास्टिक पेंट देत नाही. शिवाय चुन्यात क्षार इतका तीव्र असतो की बुरशी धरत नाही. आणि परत लावायचा झाला तर खरवडाखरवडी नाही, झाडायचं आणि वरून मारायचं.

कळीचा चुना काकांनीच आणला, दहा किलो. विरवायचा कसा ते बघण्यासारखं आहे आणि भीतिदायकही. जुन्या लोखंडी पिंपात आधी पाणी, साधारण किलोला पाच लिटर, आणि मग त्यात एकेक ढेकूळ हळूहळू सोडायचं. उलटं करायचं नाही, चुन्यावर पाणी ओतलं की उसळून अंगावर येतं. प्लास्टिकची बादली तर नकोच, वितळेल. मिनिटभर काही झालं नाही, आणि मग एकदम रटरट उकळायला लागलं, आधणासारखं, वाफा यायला लागल्या, खाली काही जाळ नाही आणि पाणी उकळतंय. पोरगा लांबून बघत होता, त्याला मी कळीचा चुना पाण्याशी मिळून कसा बदलतो ते सांगितलं, आणि भिंतीवर लागल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो परत दगडच होतो हेही. त्याचं म्हणणं, म्हणजे आपण दगडावर दगड लावतोय. हो, तेच. हातमोजे आणि गॉगल आम्ही सगळ्यांनी घातले, चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली भरून ठेवली होती.

दोन दिवस मुरू दिला, मग धोतराच्या फडक्यातून गाळला. त्यात डिंकाचं पाणी, म्हणजे हाताला कमी लागतो. काका एरवी मूठभर मीठ पण घालतात, पण इथे म्हणाले मीठ नको, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि तुमच्या भिंतीत आधीच खार कमी नाही. रंगासाठी पिवडी, म्हणजे पिवळी माती, अगदी थोडी, भिजवून गाळून. चुन्यात पिवडी, गेरू असे मातीचे रंगच टिकतात, बाकीचे बरेच रंग त्या क्षाराने उडून जातात.

चुना ताकासारखा पातळ. पहिला हात मारला तेव्हा मी खरंच निराश झाले, भिंतीवर काही दिसतच नाही, नुसती ओली भिंत. काका शांत. "वाळू द्या." आधी भिंतीवर पाणी शिंपडायचं, मग कुंचा आडवा, दुसऱ्या हाताला उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरले तर भिंत उजळलेली, झरोक्यातून येणारा उजेड त्यावर असा मऊ पडलेला की मी पायरीवरच बसले थोडा वेळ. प्लास्टिक पेंटला हा उजेड नसतो, तो चमकतो. हे मी आता कोणाशीही वाद घालून सांगेन.

ठरलं होतं चार हात, प्रत्येकात एक दिवस जाऊ द्यायचा. पण काका गावच्या जत्रेला गेले होते ते १० मे नंतर आले, आणि २०२५ चा मे तुम्हाला माहितीच आहे, मध्यापासूनच रोज वळीव, आणि २६ मे ला तर मान्सून पुण्यात आल्याचं हवामान खात्याने जाहीर करून टाकलं. आमचे दोनच हात झालेले. भिंत वाळेना. हवेत इतका ओलावा की सकाळी मारलेला हात संध्याकाळीही करडाच दिसायचा. नवऱ्याचं म्हणणं झरोके सताड उघडे ठेवू, हवा खेळेल. मी प्लास्टिकच्या तुकड्यावरचं ते दव विसरले नव्हते. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा गार तळघरात घेतली की ती भिंतीवरच पाणी सोडते, तेव्हा पाऊस चालू असताना झरोके बंद आणि दुपारी जरा उघडीप मिळाली, ऊन पडलं, की तेवढेच दोन-तीन तास उघडे. एका झरोक्यात एक्झॉस्ट फॅन बसवला, दारात टेबल फॅन, म्हणजे एकीकडून हवा आत आणि दुसरीकडून बाहेर. काका म्हणाले चुन्याला घाई नसती, उलट कडक उन्हात वाळला तर पावडर होऊन झडतो. तिसरा हात चार दिवसांनी, चौथा जूनच्या पहिल्या आठवड्यात. एकदाचा झाला.

छत आणि रस्त्याकडची कोरडी भिंत इथे पाण्यातला साधा इमल्शन मारला, तिथे चुन्याची गरज नव्हती आणि छताचा चुना तबल्यावर झडला असता. दाराला मात्र ऑइलपेंट, पण तो अंगणातच. २०२३ ला त्या पेंटरने तळघरात बसून ऑइल प्रायमरमध्ये थिनर घालून मारला होता, झरोके बंद, आणि दुपारी त्याच्या मदतनीस मुलाला चक्कर येऊन तो पायरीवर बसला होता. वीस वर्षांचा मुलगा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, तळघरात ती खाली साचून राहते, माणूस बसून काम करत असतो नेमकं तिथेच, आणि एक ठिणगी पडली तरी पेट घेईल. तेव्हा आम्ही त्याला लिंबूसरबत दिलं आणि काम पुढे चालू दिलं. ह्याची मला अजून टोचणी आहे. बंद खोलीत थिनरचं काम कोणाकडूनही करून घेऊ नका.

फरशी शहाबादी आहे तशीच ठेवली, फक्त घासून घेतली. फ्लोअर पेंटचा विचार होता पण खालूनही थोडी वाफ येत असणार, तिला का अडवायची. तबल्याच्या जागी लाकडी पाट्यांचा चार इंच उंच चौथरा केला, त्यावर सतरंजी. चुना पाठीला लागतो हे खरं आहे, डिंक घातला तरी लागतो, म्हणून भिंतीला टेकून बसायच्या जागी बांबूची चटई टांगली, भिंतीपासून दोन बोटं सुटी. खर्च सगळा मिळून ४२ हजारांच्या आसपास, त्यातले ३० च्या वर तर बाहेरचं खोदकाम, पाइप, फरशी आणि गिलावा, प्रत्यक्ष रंगाला चार हजारसुद्धा नाही लागले, काकांची मजुरी धरून सहा-सात. २०२३ च्या त्या एका रंगकामाला २८ हजार दिले होते.

जूननंतर भरपूर पाऊस झाला. मागची भिंत हाताला गार लागते पण ओली नाही. तबला उतरतो अजूनही कधीतरी, पण वरच्या खोल्यांत उतरतो तेवढाच. बाबा संध्याकाळी खाली जाऊन बसतात, ट्रंकही परत खाली आलीय, विटांवर ठेवलीय, भिंतीपासून वीतभर लांब.

डाव्या मागच्या कोपऱ्यात, फरशीलगत, तळहाताएवढा डाग आला आहे. तिथे आम्ही बाहेरून पायापर्यंत खणू शकलो नव्हतो, तीच जागा. पोराने डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली, १४ ऑगस्ट, आणि दर रविवारी तो बघून येतो. गणपती झाले तरी रेघेच्या बाहेर गेला नाही, लोणा थोडा येतो तो झाडतो. उरलेला चुना पिंपात वर चार बोटं पाणी ठेवून झाकून ठेवलाय, असा तो महिनोन्‌महिने राहतो. दिवाळीआधी काका येणार आहेत, त्या कोपऱ्याला परत दोन हात द्यायला, आणि या वेळी कुंचा मी धरणार आहे, ते नुसते स्टुलावर बसून बघणार.